परगावाहून घरचा संगणक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागलं आणि शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे टाकली की करमाड येतं. तिथे रेल्वे स्टेशन आहे, बाजारपेठ आहे. अशा गावात कृषी सेवा केंद्र चालवणारं एक घर डोळ्यांसमोर आणा. दुकानाच्या मागच्या खोलीत संगणक आहे. खरेदी-विक्री, उधारीची खाती, कुणाला कोणत्या लॉटचं बियाणं दिलं याची नोंद, सगळं त्यात. मुलगा पुण्याला नोकरीला. दुकान आईवडील पाहतात आणि महिन्याचा हिशेब मुलगा पाहतो. त्यासाठी त्याला दर महिन्याला एस.टी.त बसावं लागत नाही. रात्री जेवणं झाली की तो पुण्यातल्या आपल्या लॅपटॉपवर घरचाच संगणक उघडतो आणि काम करतो. महिनाभर सगळं सुरळीत चालतं. जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख उद्यावर आलेली असते आणि नेमका त्या रात्री घरचा संगणक काही केल्या उघडत नाही.

अशा वेळी बहुतेक जण सगळे उपाय एकदम करून पाहतात. संगणक बंद-चालू करतात, राऊटर बंद-चालू करतात, फायरवॉल काढून टाकतात, कुणीतरी सुचवलेलं नवं अ‍ॅप टाकतात. दोन तासांनी कधी कधी जोडणी येतेही. पण ती कशामुळे आली हे कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या महिन्यात तीच रात्र पुन्हा उगवते. आणि मधल्या काळात काढून टाकलेली फायरवॉल तशीच राहिलेली असते.

म्हणून आज मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अशी, की ही जोडणी म्हणजे एक साखळी आहे आणि ती कुठे तुटली हे एकेक कडी तपासूनच कळतं. दुसरी अशी, की तुटलेली कडी जोडायच्या घाईत घराचं दार सताड उघडं टाकायचं नाही.

या सोयीला 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. यात घरचा संगणक जिथल्या तिथे राहतो आणि काम तोच करतो. त्याच्या पडद्यावरचं चित्र तेवढं इंटरनेटवरून आपल्यापर्यंत येतं, आणि आपल्या कळफलकाचे नि माऊसचे इशारे उलट त्याच्यापर्यंत जातात. हिशेबाची वही पुण्याला येत नाही, पुण्याचा हात करमाडला जातो, असं म्हणा. ही कल्पना काही आजची नाही. मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये कार्यालयांसाठी अशी सोय असलेली विंडोजची आवृत्ती काढली आणि २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ती साध्या टेबलावरच्या संगणकात आली. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कार्यालयातला संगणक घरून उघडायची वेळ असंख्य लोकांवर आली. पुढे तोच रस्ता उलट दिशेनंही वापरात आला. माणूस परगावी आणि संगणक घरी.

आता साखळीच्या कड्या पाहू. पहिली कडी वीज आणि जागा असलेला संगणक. दुसरी, त्या संगणकानं दिलेली परवानगी. तिसरी, घरातलं जाळं, म्हणजे राऊटर आणि वायफाय. चौथी, घर आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला उंबरठा. पाचवी, आपण बसलो आहोत तिथली जोडणी. यातली एक जरी तुटली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम एकच असतो. जोडणी होत नाही.

तरीही पडद्यावरचा निरोप नीट वाचला तर अर्धं काम होतं. तो इंग्रजीत असतो म्हणून आपण घाईघाईनं 'ओके' दाबून मोकळे होतो. तसं करू नका. संगणक सापडत नाही, असा निरोप असेल तर रस्त्यात कुठेतरी अडथळा आहे. नाव किंवा पासवर्ड चुकला, असा निरोप असेल तर वाईट वाटून घेऊ नका, ती चांगली बातमी आहे. रस्ता साफ आहे, तुम्ही दारापर्यंत पोचला आहात, फक्त किल्ली चुकली आहे. अशा वेळी राऊटरला हात लावायचं काहीच कारण नाही. आणि तारीख-वेळ जुळत नाही, असा निरोप असेल तर दोन्हीकडची घड्याळं पाहा. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी युक्ती याहून मोठी आहे. घरच्या संगणकाची परीक्षा आधी घरातच घ्या. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून किंवा मोबाईलवर मायक्रोसॉफ्टचं मोफत अ‍ॅप घेऊन, त्याच वायफायवरून तो संगणक उघडतो का ते पाहा. घरातल्या घरात उघडला तर संगणक निर्दोष आहे, दोष उंबरठ्याबाहेर आहे. घरातही उघडत नसेल तर इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, दोष घरातच आहे. या एका परीक्षेनं पाच कड्यांतल्या निम्म्या बाजूला पडतात. दिवाळीला किंवा सुट्टीला घरी जाल तेव्हा ही परीक्षा करून ठेवा, म्हणजे आणीबाणीच्या रात्री निदान काय चालत होतं हे ठाऊक असेल.

आता पहिली कडी, वीज. वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं की वीज जाते हे आपल्याला सांगायला नको. वीज परत येते, दिवे लागतात, पण संगणक आपोआप सुरू होत नाही. तो कुणीतरी बटण दाबायची वाट पाहत बसतो. यावर उपाय संगणकाच्या आतच असतो. संगणक सुरू होताना 'बायोस' नावाची जी मांडणी उघडता येते, तिथे वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय बहुतेक टेबलावरच्या संगणकांत असतो. तिथे 'चालू हो' असं निवडून ठेवलं की काम झालं. राऊटर आणि फायबरची डबी मात्र इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्यायला विसरू नका. संगणक यूपीएसवर आणि राऊटर साध्या बोर्डावर, असं अनेक घरांत असतं. मग वीज गेली की संगणक जागा असतो, पण त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असतो.

दुसरा प्रकार झोपेचा. काही वेळ कुणी हात लावला नाही की विंडोज संगणकाला झोपवतं. झोपलेला संगणक कुणाच्या हाकेला ओ देत नाही. सेटिंगमधल्या विजेच्या पानावर 'स्लीप' हा पर्याय 'कधीच नाही' असा करून ठेवा. पडदा बंद झाला तरी चालतो, संगणक झोपता कामा नये. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं तेही तिथेच ठरवता येतं. आईनं संध्याकाळी केर काढताना लॅपटॉप मिटून ठेवला, त्यामुळे जोडणी गेली, असं अनेकदा घडतं. त्यात आईचा काही दोष नाही. लॅपटॉप मिटूनच ठेवायचा असतो, असंच आपण तिला सांगितलेलं असतं.

आणि ते घड्याळ. संगणकाच्या मुख्य बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. काही वर्षांनी तो संपतो. मग प्रत्येक वेळी वीज गेली की संगणकाची तारीख मागे जाते. दोन्हीकडच्या तारखांत मोठी तफावत असेल तर सुरक्षेची तपासणी फसते आणि जोडणी नाकारली जाते. इतकंच नाही, मघाशी सांगितलेली 'चालू हो' ही मांडणीही बऱ्याच संगणकांत या सेलबरोबरच पुसली जाते. जुना संगणक वीज गेल्यावरच रुसत असेल, तर आधी हा स्वस्तातला सेल बदलून पाहा.

दुसरी कडी परवानगीची. इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. विंडोजच्या 'होम' आवृत्तीवरून दुसरा संगणक उघडता येतो, पण होम आवृत्ती असलेला संगणक मायक्रोसॉफ्टच्या या सोयीनं बाहेरून उघडता येत नाही. त्यासाठी 'प्रो' किंवा त्यावरची आवृत्ती लागते. दुकानातून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपमध्ये सहसा होमच असतं. सेटिंगमध्ये 'अबाउट' या पानावर ते लिहिलेलं असतं. होम असेल तर रात्रभर खटपट करून उपयोग नाही. एक तर पैसे भरून प्रो घ्यावं, नाही तर क्रोम रिमोट डेस्कटॉप, टीमव्ह्यूअर, एनीडेस्क अशांपैकी एखादा दुसरा मार्ग धरावा.

प्रो असेल तर सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू आहे का ते पाहा. संगणकाला पासवर्ड हवाच. घरचाच तर संगणक आहे म्हणून पासवर्ड कोरा ठेवलेला असेल, तर विंडोज बाहेरून आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे. चार आकड्यांचा पिन टाकून आपण रोज संगणक उघडतो, तो पिन फक्त त्या यंत्रासमोर बसणाऱ्यासाठी असतो. बाहेरून येताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो. रोज पिन वापरून तो पासवर्ड आपण पार विसरलेले असतो, हा भाग वेगळा.

या कडीतली एक गंमत सांगतो, कारण तिच्यामुळे घरात बरेच गैरसमज होतात. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. मुलानं पुण्यातून संगणक उघडला की दुकानातल्या पडद्यावर कुलूप लागतं. बाबा बिल करत असतात, त्यांना वाटतं संगणक बिघडला. ते पासवर्ड टाकून तो पुन्हा उघडतात. त्याबरोबर पुण्याची जोडणी तुटते. मुलाला वाटतं इंटरनेट गेलं. तो पुन्हा जोडतो, बाबांचं बिल पुन्हा अडकतं. दोघंही आपापल्या जागी इंटरनेट कंपनीला बोल लावत बसतात. बिघाड काहीच नसतो. उपाय साधा आहे. जोडण्याआधी फोन करायचा. "बाबा, मी आत येऊ का?" एवढं विचारलं की पुरतं.

तिसरी कडी घरातलं जाळं. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. तो सहसा १९२.१६८ असा सुरू होतो. हा क्रमांक कायमचा नसतो. वीज जाऊन आली की कालचा क्रमांक आज टीव्हीला किंवा कुणाच्या मोबाईलला मिळू शकतो. मग आपली जोडणी संगणकाऐवजी टीव्हीचं दार ठोठावत बसते. राऊटरच्या पानावर संगणकाचा क्रमांक राखून ठेवायची सोय असते, ती वापरावी. जमल्यास संगणक वायफायऐवजी वायरनं जोडावा. आणि घरात कंपनीच्या डबीखेरीज आपण विकत आणलेला दुसरा राऊटरही असेल, तर दोन दारं एकामागे एक लागतात, हे लक्षात ठेवा. बाहेरून येणाऱ्याला पहिलं दार उघडलं तरी दुसरं बंदच असतं.

चौथी कडी उंबरठ्याची. सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक ठिकाणाला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि आपल्या आशिया-प्रशांत विभागात त्याच वर्षीच्या एप्रिलपासून रेशनिंग सुरू झालं. पत्ते कमी आणि घरं जास्त. म्हणून अनेक कंपन्यांनी एक तोडगा काढला. एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवली.

हे एखाद्या जुन्या वाड्यासारखं आहे. वाड्यात अनेक बिऱ्हाडं, रस्त्यावर पत्ता मात्र एकच. दारावर एक रखवालदार. तुम्ही आतून बाहेर कुणाला पत्र पाठवलं तर तो वहीत नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर तुमच्या बिऱ्हाडी पोचवतो. पण बाहेरून कुणी न बोलावता आला आणि नुसता वाड्याचा पत्ता सांगू लागला, तर कुणाकडे सोडायचं हे रखवालदाराला कळत नाही. तो त्याला परत पाठवतो. आपल्या घरच्या संगणकाचं नेमकं हेच होतं. आतून बाहेर सगळं चालतं, व्हिडिओ दिसतात, बँक उघडते. बाहेरून आत मात्र काही येत नाही.

हे ओळखायचं कसं? राऊटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता दिलेला असतो. तो पाहा. मग एखाद्या 'माझा पत्ता काय' सांगणाऱ्या संकेतस्थळावर जाऊन तिथे दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही एकच असतील तर तुमचं घर थेट रस्त्यावर आहे. वेगळे असतील तर तुम्ही वाड्यात राहता. राऊटरवरचा पत्ता १०० नं सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर शंकाच नको. ते पत्ते २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवले आहेत. अशा घरात राऊटरवर 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाची मांडणी कितीही वेळा केली तरी उपयोग होत नाही. आपण आपल्या खोलीचं दार उघडतो, पण वाड्याचं दार आपल्या हातात नसतं.

मग मार्ग कोणते? एक, कंपनीकडून स्वतःचा कायमचा पत्ता घ्यायचा. त्याला जादा पैसे पडतात आणि प्रत्येक कंपनी तो देईलच असं नाही. दोन, मघाशी सांगितलेली एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम यांची सोय. ती वाड्यात राहूनही चालते, कारण तिथे दोन्ही संगणक आतून बाहेर हाक मारतात आणि मधल्या एका केंद्राच्या मदतीनं एकमेकांना भेटतात. तीन, 'व्हीपीएन', म्हणजे आपल्याच यंत्रांपुरता खासगी रस्ता. टेलस्केल, झिरोटियर अशी साधनं दोन्ही संगणकांवर बसवली की ते जणू एकाच घरात असल्यासारखे एकमेकांना दिसतात, आणि विंडोजची नेहमीची रिमोट डेस्कटॉप सोय त्या रस्त्यानं वापरता येते. नियमित काम करणाऱ्यानं हा तिसरा मार्ग जरूर पाहावा. एकदा बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण राऊटरचं दार उघडावं लागत नाही.

आणि इथेच मी सुरुवातीला म्हणालो त्या सताड उघड्या दाराकडे येतो. समजा, तुमच्या घराला थेट पत्ता आहे. मग राऊटरवर ३३८९ हा क्रमांक उघडून दिला की बाहेरून जोडणी झटकन होते. विंडोजच्या या सोयीचा तो ठरलेला दरवाजा आहे. जोडणी होते म्हणून आपण खूश होतो. पण हा दरवाजा क्रमांक जगातल्या प्रत्येक चोराला पाठ आहे. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासत असे उघडे दरवाजे शोधणारी यंत्रं रात्रंदिवस चालू असतात. दार सापडलं की पासवर्ड ओळखायचा खेळ सुरू होतो. दुकानाचं नाव किंवा जन्मवर्ष असला पासवर्ड त्यांच्यापुढे फार टिकत नाही. आत शिरल्यावर ते चोरी करतीलच असं नाही. सगळ्या फाईलींना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. तुमची उधारीची वही तुमच्याच संगणकात असते, पण तुम्हाला वाचता येत नाही. खरीपाची उधारी ज्या दुकानदारानं दसऱ्या-दिवाळीपर्यंत विश्वासावर दिलेली असते, त्याच्यासाठी हे किती मोठं संकट आहे याचा विचार करा.

कधी कधी पासवर्डचीही गरज लागत नाही. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टनं या सोयीतला एक गंभीर दोष जाहीर केला. 'ब्लूकीप' या नावानं तो पुढे ओळखला गेला. जुन्या विंडोजवर पासवर्ड न देताही आत शिरता येईल असा तो दोष होता. तो इतका धोक्याचा होता की विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ मध्येच थांबवलेली असूनही कंपनीनं एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. म्हणून विंडोजच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात. विंडोज १० ची नेहमीची देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. दरवाजाचा क्रमांक ३३८९ ऐवजी दुसरा केला की झालं, असं काही जण सांगतात. त्यानं चोराला शोधायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. दार उघडंच राहतं.

याच सोयीचा आणखी एक धोका आहे आणि त्यात संगणकाचं ज्ञान लागतच नाही. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्कसारखं अ‍ॅप लोकांच्या मोबाईलवर टाकायला लावून पैसे काढून घेतले जात आहेत. फोन येतो, मी बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी राहिलं आहे. हे अ‍ॅप घ्या आणि त्यावर दिसतो तो आकडा सांगा. तो आकडा म्हणजे घराची किल्ली. तो सांगितला आणि परवानगी दिली की समोरच्याला तुमचा पडदा दिसू लागतो. अ‍ॅप वाईट नाही. मुलगा तेच अ‍ॅप वापरून आईला मदत करतो. पण म्हणूनच आईला ते ओळखीचं वाटतं, आणि भामट्याचं काम सोपं होतं.

यासाठी घरात एक नियम करा. परक्याचा फोन आला आणि त्यानं आकडा मागितला, तर मागणारा कुणीही असो, सांगायचा नाही. फोन ठेवायचा आणि स्वतः मुलाला किंवा मुलीला फोन लावायचा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठी तो राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आधी इंटरनेट तोडा, मग बँकेला कळवा आणि १९३० लावा. संकोच करू नका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

पाचवी कडी आपल्या टोकाची. तिला लोक सर्वांत शेवटी पाहतात. कार्यालयाच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर अशा जोडण्या अनेकदा मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात. म्हणून शंका आली की आपला लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि पुन्हा पाहा. चालली तर घरी काही झालेलं नाही. जोडणी होते पण रखडत चालते, असं असेल तर घरच्या इंटरनेटचा पाठवायचा वेग कमी आहे, असं समजा. आपण नेहमी उतरवून घ्यायच्या वेगाबद्दल बोलतो, इथे घरचं चित्र बाहेर पाठवायचं असतं. जोडणीच्या मांडणीत रंग आणि पडद्यामागचं चित्र कमी केलं की फरक पडतो.

या पाचही कड्यांच्या पलीकडे एक कडी आहे आणि ती कुठल्या पुस्तकात नसते. ती म्हणजे घरी असलेलं माणूस. परगावी बसलेल्या तुम्हाला डोळे नाहीत आणि हात नाहीत. ते आईबाबांचे वापरावे लागतात. तेव्हा प्रश्न असा विचारा, की त्यांना उत्तर देता येईल. "राऊटर रीस्टार्ट करा" म्हणण्यापेक्षा "आई, भिंतीवरच्या पांढऱ्या डबीवर लाल दिवा दिसतोय का?" असं विचारा. फायबरच्या डबीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरची तार कुठेतरी तुटली आहे किंवा खोचलेली वायर सैल झाली आहे.  तिथे तुमचं सगळं संगणकज्ञान संपतं. कंपनीला कळवायचं आणि थांबायचं.

घरी गेलात की पिनांवर चिकटपट्ट्या लावा. फायबरच्या डबीला १, राऊटरला २, संगणकाला ३. मोठ्या अक्षरांत मराठीत एक कागद लिहून बाजूला चिकटवा. 'वीज आल्यावर आधी १ चालू, दोन मिनिटांनी २, मग ३.' कागदावर पासवर्ड मात्र लिहू नका. म्हणजे फोनवर "ती काळी वायर नाही हो, दुसरी काळी" हा संवाद टळेल. आणि आवाज चढू देऊ नका. बिया, खतं, औषधं यांची शेकडो नावं आणि माणसामाणसाची उधारी ज्यांना तोंडपाठ असते, त्यांना संगणकातलं कळत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना फक्त आपली भाषा कळत नाही. ती बदलायची जबाबदारी आपली.

शेवटची गोष्ट. बाहेरून संगणक उघडता येतो म्हणजे त्यातली माहिती सुरक्षित आहे, असं नाही. ही सोय म्हणजे दुसरी प्रत नव्हे. हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राईव्हवर घ्या आणि ती संगणकापासून काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. कपाटात प्रत असेल तर २० तारखेच्या आदल्या रात्री जोडणी नाहीच झाली, तरी कुणाला तरी सांगून ती फाईल ई-मेलनं मागवता येते. काम अडत नाही, आणि घाईघाईत दार उघडायचा मोहही होत नाही.

तेव्हा निरोप वाचा, परीक्षा घरापासून सुरू करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत टिपा. फायरवॉल काढून पाहिलीत तर परत लावल्याशिवाय उठू नका. तेवढं केलंत तर पुढच्या वेळी दोन तासांचं काम दहा मिनिटांत होईल.